शिंगवाल्या जहाजाची सर्व्हिस हिस्टरी

४ नोव्हेंबर, मंगळवार

जहाज विकलं. मोहिते साहेबांनी सकाळी ऑफिसात बोलावून सांगितलं. भंगारात नाही, हे आधी सांगितलं, मला बरं वाटावं म्हणून असेल. एका टुरिझम कंपनीनं घेतलंय. तेल काढून, साफ करून, जेद्दाच्या किनाऱ्यापासून थोडं आत नेऊन बुडवणार. वीस-बावीस मीटर पाण्यात. मग पाहुणे पाठीला सिलिंडर लावून खाली उतरणार, जहाजाभोवती पोहणार, फोटो काढणार.

मला काम दिलंय. घेणाऱ्यांना जहाजाची सर्व्हिस हिस्टरी पाहिजे. कुठं बांधलं, कुठल्या आरमारात होतं, पुढं काय काय केलं. दोन पानं पुरे. मोहिते साहेब कंपनीचे मरीन सुपरिंटेंडंट, पुण्याचे. माझ्याशी कायम शुद्ध मराठीत बोलतात. "होडेकर, अकरा वर्षं तुम्ही तिच्यावर सारंग आहात. तुमच्याइतकं तिला कोण ओळखतं?"

मी दारापाशी पोचलो तेव्हा म्हणाले, "ती दुर्घटना घेऊ नका, अर्थात."

अर्थात.

६ नोव्हें., गुरु.

चार्टरूममधली लोखंडी पेटी उघडली. जुनी लॉगबुकं, आरमाराच्या वेळची. कागद बिस्किटासारखे तुटतात. भाषा युरोपातली, मला अक्षर कळत नाही. आकडे कळतात, नकाशे कळतात. आत एक फोटो सापडला. हेच जहाज, नवंकोरं, डेकवर गोरी पोरं रांगेत उभी, नाकावर तीच दोन शिंगं.

या शिंगांमुळे यार्डातले लोक तिला 'बगरा' म्हणतात, अरबीत गाय. नाकाच्या पुढं काढलेले दोन जाड लोखंडी दांडे, टोकाला कप्प्या. जाळ्याची तार त्यावरून जाते. पाणबुड्या अडवायला बंदराच्या तोंडावर पोलादी जाळी टाकायची, सराव संपला की उचलायची, यासाठी बांधलेलं जहाज. सगळी नोकरी त्यात गेली. पाणबुडी एकही अडकली नाही म्हणे. मग आरमारानं काढून टाकलं. दोन मालक, दोन नावं. मग इकडं लाल समुद्रात आलं, बोये टाकायला. आणि शेवटी परत जाळीच. समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्लांटच्या तोंडावर जेलीफिश अडवायची जाळी.

एवढं लिहिलं तरी दोन पानं भरतील.

७ नोव्हें., जुम्मा

नमाजनंतर शराफियाला गेलो, जेद्दातल्या आपल्या लोकांच्या वस्तीत. मल्याळ्याच्या हॉटेलात सुरमई. तिथूनच नजमाला फोन केला. नजमा माझी धाकटी बहीण, दाभोळ खाडीवर आमच्याच गावात दिलेली. हसन तिचा नवरा. माझ्या जहाजावर डायव्हर होता, मला शौकतभाई म्हणायचा. येत्या जानेवारीत दोन वर्षं होतील.

तिचं नेहमीचं. कबरीवर गेला होतास का, फातिहा पढलास का. हो म्हटलं. गेलो नव्हतो.

मग म्हणाली, चेहरा बघायला मिळाला नाही एवढंच राहिलं, पण तिकडची पाक जमीन सगळ्यांच्या नशिबी नसते, तू बरं केलंस भाई. हे ती दर वेळी म्हणते. हे वाक्य मीच तिला दिलेलं आहे.

सुरमई अर्धी टाकली.

१० नोव्हें., सोम.

पहिलं पान झालं. दुसऱ्यात जेलीफिशच्या जाळ्याचं काम. काय लिहू? "जाळी वेळोवेळी उचलून साफ केली." केली ना. जाळ्यात काय काय यायचं ते लिहायचं नाही. मासे, पिशव्या, एकदा एक मोठं कासव. जिवंत होतं. पुढचे दोन्ही पाय दोऱ्यात इतके गुंतलेले की सुटेना. मी सुरी काढून जाळं कापायला घेतलं, तर मोहिते वरून ओरडले नाहीत, शांतपणे म्हणाले, "जाळी नवी आहे होडेकर. पाय कापा."

मी कापले. दोन्ही. मग समुद्रात सोडून दिलं.

डेकवर कोणीतरी हसलं होतं. मीही हसलो होतो बहुतेक.

१२ नोव्हें., बुध.

लॉगबुकावर फोनचा कॅमेरा धरला की भाषांतर होतं, हे क्रेनवाल्या पोऱ्यानं दाखवलं. सकाळपासून तेच करतोय. बहुतेक पानं हवा, वारा, जेवण, रंगकाम. एका पानावर थांबलो. फोननं जे दिलं ते जसंच्या तसं उतरवतो:

'धुके. सकाळी मासेमारी होडी जाळ्यात शिरली. माणसे तीन. आवाज ऐकू येत होता. जाळे उचलण्याची परवानगी मागितली. सराव चालू, परवानगी नाही. दुपारी आवाज बंद. सराव संपल्यावर जाळे उचलले.'

खाली सही. कोणा अधिकाऱ्याची असेल. सहीच्या वर त्यानं एक ओळ स्वतःहून घातलीय, शाई वेगळी आहे: 'परवानगी पुन्हा मागायला हवी होती.'

म्हणजे माणसानं लिहून ठेवलं. कोणी सांगितलं नसताना. नोकरी गेली असेल, नसेल.

तीन माणसं, सकाळपासून दुपारपर्यंत. ही शिंगं तेव्हाही इथंच होती.

१३ नोव्हें., गुरु.

हसनचं लिहितो. निदान वहीत.

त्या दिवशी जेलीफिशची लाट आली होती. जाळं भरून पोतं झालं, त्याच्या ओढीनं खालचे काँक्रीटचे ठोकळे सरकले. प्लांटवाल्यांचे फोनवर फोन. मोहिते स्वतः जहाजावर आले. दोन डायव्हर खाली, हसन आणि रोमेल नावाचा फिलिपिनो. त्यांनी खालचा शॅकल, म्हणजे जाळं अडकवलेली लोखंडी कडी, सोडवायचा, वर यायचं, मग मी विंचनं तार गुंडाळत जाळं उचलायचं. मोहिते ब्रिजवरून रेडिओवर, मिनिटामिनिटाला. शहराचं पाणी बंद पाडणार का होडेकर, यल्ला, चला लवकर. मग त्यांनी हीव्हची, म्हणजे ओढायची, ऑर्डर दिली. मी विंच ओढला.

हसन खालीच होता. जाळं त्याच्याभोवती आवळलं. तार कुरकुरली तेव्हा कळलं. मी थांबवून परत खाली सोडायला लागलो, मोहिते म्हणाले, सोडू नका, ओढा, वर लवकर येईल. ओढला. शिंगांच्या मध्ये लटकत वर आला, त्या पांढऱ्या चिकट गोळ्यांमध्ये. तोंडावरचा मास्क फिरून कानावर गेलेला. जाळं कापून त्याला बाहेर काढायला वेळ लागला. या वेळी जाळी कापली.

ऑर्डर त्यांची होती. रेडिओवर त्यांनीच

पुढचं नंतर.

१४ नोव्हें., जुम्मा

त्याच दुपारी ऑफिसात मोहित्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाले, दोन रस्ते आहेत. अपघात दाखवला तर चौकशी. विंचवर जो होता तो आत बसेल, इकामा, इथं राहायचा परवाना, गोठेल, मयत शवागारात महिनोन्महिने पडून राहील. नाहीतर पाण्याखाली हार्ट बंद पडलं. कंपनीचा डॉक्टर लिहून देतो. दोन दिवसांत दफन.

मग स्वतःच म्हणाले, गावाला पाठवण्याचा आग्रह धरू नका, घरच्यांनी बघू नये असं आहे.

गुस्ल, मयताची शेवटची आंघोळ, मी दिलं. छातीवर, गालावर, कपाळावर जाळ्याचे चौकोन उमटलेले. पाणी ओतलं तरी चौकोन जाईनात. तसाच कफनात गुंडाळला. बाहेर येऊन नजमाला फोन लावला आणि पाक जमिनीचं ते वाक्य बोललो. ती रडतारडता हो म्हणाली. तिच्याकडून संमतीच्या कागदावर अंगठा नाही, सही आली. नजमा दहावी शिकलेली आहे.

१६ नोव्हें., रवि.

मोहित्यांनी मसुदा वाचला. लाल पेन. कासव मी घातलंच नव्हतं. धुक्यातले तीन कोळी घातले होते, तेवढी एकच गोष्ट, साठ वर्षांपूर्वीची, परक्या देशातली. त्यावर काट मारली. मी विचारलं, यात आपलं काय जातं?

"लोक सुट्टीला येणार आहेत, होडेकर. त्यांना खाली उतरताना मेलेली माणसं कशाला?"

मग चहा मागवला. बिस्किटाची बशी माझ्याकडं सरकवली. म्हणाले, तुमचं अक्षर सुंदर आहे हो, हल्ली कोण इतकं वळणदार लिहितं.

मी थँक्यू म्हणालो. बिस्कीट खाल्लं.

१८ नोव्हें., मंगळ.

टुरिझम कंपनीची बाई जहाज बघायला आली. अबीर नाव, इथलीच, तिशीतली, इंग्लिश फाडफाड. सेफ्टी शूज स्वतःचे घेऊन आलेली. सगळीकडं हात लावून बघत होती. शिंगांखाली उभी राहून म्हणाली, ही कापू नका हां, हीच तर मजा आहे.

मोहिते फोनवर बाजूला गेले होते. मी खिशातली तीन पानं तिच्या हातात दिली. काल दुपारीच लिहून ठेवली होती, फोनवर इंग्लिश करून. कोळी आहेत, हसन आहे. मोहित्यांची घाई, रेडिओ, ऑर्डर, 'ओढा, वर लवकर येईल', डॉक्टरचा खोटा कागद, सगळं. तिला म्हटलं, मॅडम, ही खरी हिस्टरी. तिनं घडी घालून पर्समध्ये ठेवली.

बरं वाटतंय. लॉगमधल्या त्या अधिकाऱ्याला असंच वाटलं असेल.

२० नोव्हें., गुरु.

बॅग भरून ठेवली. घरी बायकोला, रुकय्याला, फोन करून म्हटलं, कदाचित मी खलास होऊन येईन. तिनं विचारलं म्हणजे काय. नोकरी म्हटलं. मग म्हणाली, ये, पोटापुरतं आहे.

ऑफिसातून काही नाही. दोन दिवस काहीच नाही.

२३ नोव्हें., रवि.

बोलावणं आलं. बॅग घेऊनच गेलो.

मोहिते उठून उभे राहिले. हात मिळवला. टेबलावर माझी तीन पानं, अबीरच्या हिरव्या खुणांसकट. म्हणाले, "तुम्ही मला सांगायला हवं होतं होडेकर. त्यांना फार आवडलं."

मला वाटलं टोमणा आहे. नव्हता. अबीरच्या लोकांना गोष्ट पाहिजेच होती. नुसतं बोये टाकणारं जहाज कोणाला बघायचंय? ज्या जहाजानं डायव्हरचा जीव घेतला, तिथं डायव्हर उतरणार. फिल्म करणार, किनाऱ्यावर फलक लावणार. फक्त थोडं सुधारलंय. मोहित्यांनीच बसून सुधारून दिलंय. शॅकल अडकला होता. हसनला वर यायला सांगितलं, तो आला नाही. शहराचं पाणी बंद पडू नये म्हणून शेवटचा शॅकल सोडवूनच घेतला आणि जीव दिला. घाई नाही, ऑर्डर नाही, 'ओढा' नाही. हार्टच्या कागदाबद्दल कोणी काही विचारणार नाही, नव्या मालकांना त्यात रस नाही.

मी म्हटलं, असं झालं नव्हतं. "मग कसं झालं होतं?" त्यांनी विचारलं, आणि माझ्याकडं बघत राहिले.

मग म्हणाले, मी तुमच्या भगिनींशी बोललो सकाळी. अर्धा तास. फार समजूतदार बाई.

२४ नोव्हें., सोम.

नजमा फोनवर रडत होती, पण तसं नाही. जसं मुलाचा पहिला नंबर आल्यावर रडतात तसं. त्यांनी किती आदरानं सांगितलं भाई, माझ्या माणसानं शहराला पाणी दिलं, आणि तू मना हार्ट सांगितलंस. तुला वाटलं मी खचेन. मी खचले नसते रे.

तिला येण्याचं आमंत्रण आहे. तिकीट, हॉटेल, सगळं कंपनीचं. जहाज बुडवायच्या दिवशी तिच्या हस्ते काहीतरी करायचं आहे. सोबत मक्केला जाऊन उमराही होईल. आता एकट्या बाईलाही येता येतं.

गावात सगळ्यांना सांगून झालंय. मशिदीत दुआ झाली. मला म्हणाली, तू त्याच्याबरोबर होतास ना शेवटपर्यंत? हो म्हटलं.

२७ नोव्हें., गुरु.

शूटिंग. कॅमेरावाले चौघं, अबीर, मोहिते पांढऱ्या शर्टात. मला बॉयलर सूट नवा दिला, जुना फार मळका दिसतो म्हणे. विंच दोन वर्षं बंद होता, मुद्दाम ग्रीस करून चालू केला. अबीर म्हणाली, काही अ‍ॅक्टिंग नको, रोज करता तेच करा.

मी केलं. उजव्या बाजूला वाकून पाण्यात बघितलं, हात वर केला, "क्लिअर" म्हटलं, लिव्हर ओढला.

तोंडातून आपोआप गेलं. मान वळवली तर मोहिते माझ्याकडंच बघत होते. चेहऱ्यावर काही नाही. अबीर म्हणाली, सुंदर, पुन्हा एकदा. तीनदा केलं. तीनदा क्लिअर म्हटलं.

आता लिहितोच. १३ तारखेला अर्धं सोडलं होतं.

मोहित्यांनी हीव्हची ऑर्डर दिली ती मी क्लिअर म्हटल्यावर. डायव्हर वर आले का हे बघायचं काम सारंगाचं. माझं. मी वाकून बघितलं, एक नारंगी टोपी पाण्याबाहेर आलेली दिसली. दोन यायला हव्या होत्या. एक रोमेलची. दुसरी मोजलीच नाही. रेडिओ डोक्यात ओरडत होता हे खरं, पण एक आणि दोन मोजायला किती वेळ लागतो?

आणि त्याच्या आधीचं. सकाळी हसननं मला सांगितलं होतं, कान दुखतोय, आज उतरत नाही, दुसऱ्या कोणाला घे. दुसरा नव्हता. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "कान दुखतो तर जा नजमाच्या पदराखाली बस." खलाशी हसले. त्यानं सूट चढवला. एरवी उतरताना माझ्या खांद्यावर थाप मारायचा. त्या दिवशी मारली नाही, आणि मीही त्याच्याकडं बघितलं नाही. मी रागात होतो. माझ्याच बहिणीच्या नवऱ्यानं साहेबासमोर मला खाली बघायला लावलं म्हणून.

ऑफिसात त्या दुपारी मोहिते एवढंच म्हणाले होते, "क्लिअर तुम्ही दिलंत होडेकर. रेडिओचं रेकॉर्डिंग असतं." पुढं मला काही विचारायचं राहिलं नाही.

अबीरला दिलेल्या तीन पानांतही हे नाही. खरी हिस्टरी म्हणून दिली होती मी.

२ डिसेंबर, मंगळ.

जहाजाच्या पोटात भोकं पाडतायत, डायव्हरांना आतबाहेर करता यावं म्हणून. कडा घासून गोल करतात, कोणाला लागू नये. एवढी काळजी.

नजमाचा व्हिसा आला.

९ डिसें., मंगळ.

एअरपोर्टवर ओळखली नाही आधी. बारीक झालीय. पिशवीत माझ्यासाठी सुके बांगडे, कोकम, आणि हसनची शर्टं. म्हणाली, घरी ठेवून काय करू, तू घाल, तुझ्या मापाची आहेत.

कबरस्तानात घेऊन गेलो. बायकांना आत सोडत नाहीत हे तिला माहीत होतं तरी आली. भिंतीला लागून उभी राहिली. मी आत गेलो. नाव नाही, दगड नाही, नुसते मातीचे उंचवटे. नंबरावरून शोधायला लागलो, रांग चुकली, परत शोधलं. नक्की कोणती ते कळलं नाही. एकीसमोर उभा राहून फातिहा पढलो.

बाहेर आल्यावर तिनं विचारलं, कशी आहे? नीट आहे म्हटलं. तिनं भिंतीवरून हात फिरवला आणि तो हात तोंडावरून फिरवला. उन्हात अर्धा तास तशीच.

मोहित्यांनी हॉटेलवर खजुराचा डबा पाठवला होता, बुरैदाचे, उत्तम प्रतीचे. चिठ्ठी मराठीत. तिनं दोनदा वाचली.

११ डिसें., गुरु.

अबीरनं नजमाला फिल्म दाखवायला बोलावलं. घरच्यांची मंजुरी घेतल्याशिवाय लावणार नाही म्हणाली. चांगली बाई आहे, खरंच. तिच्या ऑफिसात मोठा पडदा. अबीर, नजमा, मी. मोहिते आले नाहीत.

सुरवातीला आरमाराचा तो जुना फोटो. समुद्र. मग हसनचा फोटो, लग्नातला, नजमानंच पाठवलेला. ती ताठ बसून बघत होती, पदर तोंडावर. मग मी. नवा बॉयलर सूट. वाकलो, हात वर केला, क्लिअर म्हटलं, लिव्हर ओढला. संगीत वाढलं. पाणी काळं झालं.

संपल्यावर अबीरनं तिच्यापुढं टिश्यूचा डबा धरला. नजमानं घेतला नाही. मोडक्या हिंदीत विचारलं, वो क्लिअर बोला, उसका मतलब क्या? अबीरला हिंदी येते थोडी, सिनेमांमुळे. तिनं प्रेमानं समजावून सांगितलं. विंचवाला आधी बघतो, खाली कोणी नाही ना, सगळे वर आलेत ना. मग सांगतो क्लिअर. मगच मशीन चालू होते. सेफ्टीसाठी.

नजमा म्हणाली, अच्छा.

मंजुरीच्या कागदावर सही केली. पूर्ण नाव, हसनच्या नावासकट.

टॅक्सीतून हॉटेलच्या दाराशी उतरताना एकच, मराठीत, हळू. "भाई, त्याचा कान दुखत होता त्या दिवशी. सकाळी फोनवर सांगितला मना. म्हणाला, आज उतरत नाय, शौकतभाईला सांगतो."

मी म्हटलं, मला बोलला नाही तो.

ती आत लिफ्टकडं वळली. गेली वर.

१२ डिसें., जुम्मा

नजमा उमऱ्याला निघाली. शराफियातून चिपळूण-खेडच्या लोकांची बस असते, तिच्यात जागा मिळवून दिली. सोमवारी परत. मंगळवारी जहाज बुडवायचं. सकाळी दहाला, तिच्या हातून दोर सोडायचा, शेजारी मी उभा राहायचं, असं मोहित्यांनी छापून पाठवलंय.

बसपाशी सगळे एकमेकांची माफी मागत होते, उमऱ्याला जाताना मागतात तशी. पोहोचवायला आलेलेही मागत होते. मी नजमाची पिशवी वर चढवून दिली. ती पायरीवरून परत खाली उतरली. माझ्यासमोर उभी राहिली.

"माझ्याकडून काय चुकलं असेल भाई, बोलण्यात, वागण्यात, तर माफ कर."

मी म्हटलं, माफ. तुझं काय चुकणार.

ती गेली नाही. तशीच उभी. आता माझी पाळी होती, हे आम्हा दोघांना माहीत होतं. आसपास लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. ती माझ्या तोंडाकडं बघत होती, रागानं नाही, लहानपणी होडीच्या टोकावर बसून मी गळ वर ओढायची वाट बघायची तसं. मी तिच्या खांद्यावरची ओढणी सारखी केली. पाण्याची बाटली घेतलीस का विचारलं.

घेतली, म्हणाली.

ड्रायव्हरनं यल्ला म्हटलं. ती चढली. खिडकीची जागा मिळाली होती, पण बघायला मान वळवली नाही.

हसनचं एक शर्ट घालून गेलो होतो. निळं. मापाचं आहे.

सोमवारी बस दुपारी चारपर्यंत येते.